आमरी (ऑर्किड) बघायला सह्याद्रीत जायचंय? जागा नंतर बघू, आधी पंधरवडा ठरवा

दर सप्टेंबरला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की आम्ही कासला चाललोय, तिथं ऑर्किड नक्की कुठं दिसतील ते सांग ना. आणि दरवेळी मला तेच सांगावं लागतं, की बाबांनो झाडावरून लोंबणारे जे गुलाबी गजरे तुम्ही फोटोत बघितलेत ते जूनमध्येच फुलून गेले, आता त्या झाडाखाली उभे राहिलात तर वर नुसती पानं आणि फार तर चार हिरव्या शेंगा दिसतील. जमिनीवरची दिसतील, ती पण भारी असतात, पण ती बघायला चिखलात गुडघे टेकायची तयारी पाहिजे. एवढं ऐकलं की समोरचा जरा गप्पच होतो, कारण हॉटेल बुक झालेलं असतं.

म्हणून ही सगळी लांबण लावतोय. ऑर्किडची ट्रिप आणि बाकी ट्रिप यात फरक एवढाच की इथं आधी जागा ठरवून चालत नाही, आधी पंधरवडा ठरवायचा, त्या पंधरवड्यात काय फुलतं ते बघायचं आणि मग गाव. उलटं केलंत तर हिरवळ, धबधबा, गरम भजी सगळं मिळेल, आमरी मिळेलच असं नाही.

आता ऑर्किड म्हटलं की लोकांना बोर्निओ, थायलंड, फार तर सिक्कीम आठवतं. जा की, खिसा परवानगी देत असेल तर जरूर जा. पण कर्कवृत्त आपल्या वरून, मध्य प्रदेशातून जातं, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आणि गोवा उष्णकटिबंधातच बसतो, आणि एकट्या महाराष्ट्रात ऑर्किडच्या शंभराच्या वर जाती नोंदवलेल्या आहेत. मराठीत याला सरसकट आमरी म्हणतात, बाकी एकेका जातीला गावागणिक वेगळं नाव, काहींना तर नावच नाही, त्यामुळं पुढं काही ठिकाणी लॅटिन नावं येतील, ती सहन करा. शोधताना, फोटो जुळवताना तीच कामाला येतात.

तर मोसम. माझ्या हिशोबानं सह्याद्रीत तीन आहेत आणि तिन्हींची मजा वेगळी.

पहिला, मेचा दुसरा पंधरवडा ते जूनअखेर. हा झाडावरच्या आमरींचा, आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर डोळे झाकून हाच घ्या. सीतेची वेणी याच दिवसांत फुलते, पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि शंभरेक फुलांचा घट्ट विणलेला गजरा फांदीवरून खाली सुटलेला, हीच जात आसामात कपौ फूल म्हणून ओळखली जाते, तिथलं राज्यफूल आहे आणि बिहूला बायका केसात माळतात, म्हणजे वेणी हे नाव दोन्हीकडच्या लोकांना आपापलंच सुचलेलं दिसतंय. तिच्याच जोडीला एरिडिस. यातली एरिडिस मॅक्युलोसा महाबळेश्वर, पाचगणी, कासच्या बाजूला जुन्या झाडांवर असते, गुलाबी पाकळ्या आणि त्यावर जांभळे शिंतोडे, आणि दुसरी एरिडिस क्रिस्पा, जिला पानशिंग म्हणतात, ती जरा दांडगी, लांब खोडाची, फुलं मोठी आणि खालची पाकळी चांगली रुंद. या मोसमाच्या थोडं आधी, मेच्या सुरुवातीलाच गेलात तर कॉटोनिया सापडू शकते, लांबच लांब दांडी आणि टोकाला अशी फुलं की मधमाशी येऊन बसलीय असंच वाटावं, गडद मखमली पोट आणि पिवळी किनार. मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी खरंच माशी उडायची वाट बघत उभा होतो.

याच मोसमात खाली जमिनीवरही हालचाल सुरू होते पण ती पटकन दिसत नाही. नर्विलियाचं नुसतं एक देठ आणि त्यावर फूल वर येतं, पान नाही काही नाही, फूल गेलं की मग सावकाश एकच पान उगवतं, त्यामुळं फूल बघणारा पान बघत नाही आणि पान बघणाऱ्याला ही आमरी आहे हेच कळत नाही. आणि आमरकंद, म्हणजे युलोफिया, पहिल्या पावसानंतर गवतातून सरळ दांडा काढते. याचे कंद डोंगरातले लोक खातात, औषधालाही नेतात, त्यामुळं ओळखणारे तुमच्याआधी पोचलेले असू शकतात.

या मोसमाची अडचण एकच, पाऊस. मान्सून मुंबईत यायची नेहमीची तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन धडकला आणि ज्यांनी जूनचा पहिला आठवडा हिशोबानं धरला होता ते सगळे कोसळत्या पावसात सापडले. फुलं पावसानं लगेच जात नाहीत, पण धुक्यात वीस फुटांवरची फांदी दिसत नाही हो. म्हणून माझा सल्ला असा की मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा असे दोन्ही शनिवार-रविवार घरात सांगून मोकळे ठेवा, राहण्याच्या ठिकाणी आधीच बोलून घ्या की तारीख आठ दिवस पुढंमागं होईल, आणि निघायच्या चार दिवस आधी तिथल्या माणसाला फोन करून दोनच प्रश्न विचारा, वळीव किती झाले आणि धुकं धरायला लागलं का. वळीव झालेत आणि धुकं अजून नाही, असं उत्तर आलं की बॅग भरा. हवामान खात्याचा अलर्ट पण बघाच. यलोपर्यंत मी जातो, ऑरेंज असेल तर घाटात गाडी घालत नाही, दरडी काय ऑर्किड बघायला आलेत म्हणून थांबत नाहीत.

दुसरा मोसम जुलै ते सप्टेंबर, जमिनीवरच्या आमरींचा. हा सवयीचा मोसम आहे, म्हणजे पहिल्या वर्षी डोळ्याला काहीच दिसत नाही, दुसऱ्या वर्षी सगळीकडे दिसायला लागतं. हबेनारिया हे नाव पाठ करून टाका कारण निम्मी फुलं तीच निघतात, सगळी पांढरी नाहीतर हिरवट. आषाढ आमरी नावाप्रमाणं लवकर येते, जमिनीला चिकटलेलं एखादं गोल पान आणि त्यातून वर पांढरी फुलं, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, अशी शेकडो असतात आणि लोक त्यांच्यावर चटई टाकून डबा खातात. दुसरी एक, हबेनारिया हेनियाना, तिला सगळे टूथब्रशच म्हणतात, फुलं एका बाजूला ओळीनं लागलेली, एकदा बघितली की परत विचारायला लागत नाही. हबेनारिया रॅरिफ्लोरा कड्याच्या ओल्या खडकाला लटकलेली असते, त्यामुळं किल्ल्यावर गेलात तर पायवाटेच्या आतल्या बाजूच्या भिंतीकडे नजर ठेवा, दरीकडे नको. पाचगणीच्या नावाची पण एक आहे, हबेनारिया पंचगणीएन्सिस, सांतापाऊ आणि कपाडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जोडीनं नाव दिलेली.

आणि मग वाघचौरा. ऑगस्ट-सप्टेंबरला गवतात कमरेएवढा दांडा आणि वर मोठाली पांढरी फुलं, कडा झालरीसारख्या फाटलेल्या, मागं लांबलचक नळी. नळीच्या तळाशी मध असतो आणि तिथपर्यंत पोचायला लांब सोंडेचा पतंग लागतो, म्हणून ही अंधार पडायला लागला की वास सोडते. दिवसा बघून निघून आलात तर अर्धंच बघितलंत. संध्याकाळी सातच्या सुमारास टॉर्च बंद करून दहा मिनिटं नुसतं तिच्याजवळ उभं राहायचं, सोबत कुणीतरी स्थानिक पाहिजे हे सांगायला नकोच.

याच दिवसांत झाडाच्या शेवाळलेल्या बुंध्यावर बारीक मंडळी असतात, पोर्पॅक्स म्हणजे शर्टाची बटणं शिवल्यासारखे चपटे गोळे आणि त्यातून डोकावणारं इवलं फूल. पावसाळा संपता संपता ओबेरोनिया, वेणीसारखी चपटी पानं आणि उंदराच्या शेपटीएवढा तुरा, एकेक फूल मिलीमीटर-दोन मिलीमीटरचं, भिंगाशिवाय ते फूल आहे हेच पटत नाही. माझी बायको म्हणते याच्यासाठी तू चारशे किलोमीटर आलास? हो, आलो.

तिसरा मोसम जानेवारी ते मार्च. यावर कुणी बोलत नाही पण अमेरिका-दुबईहून डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांनी मुक्काम जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबवला तर त्यांच्यासाठी हाच आहे. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम, पानं झडून गेलेल्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके, पानगळीच्या जंगलात गाडीतून जाताना पण दिसतात. पाऊस नाही, जळवा नाहीत, आभाळ स्वच्छ. शेवटी शेवटी बल्बोफायलम फिम्ब्रिएटम पण मिळू शकते, छोटी छत्री उघडल्यासारखा फुलोरा. सकाळी आठला सुरुवात करा आणि अकराला आवरा, नंतर ऊन लागतं.

पंधरवडा ठरला, आता गाव. मी आंबोलीच सांगतो. सिंधुदुर्गात सावंतवाडीच्या वर घाटमाथ्यावर, उंची सातशे मीटरच्या आसपास आणि वर्षाचा पाऊस सात हजार मिलीमीटरच्या घरात, म्हणजे झाडाच्या सालीवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या मध्ये आमरी असा तीन मजली संसार. पुण्याकडून येणार असाल तर कोल्हापूर, निपाणी, आजरा करत, मुंबईकडून कोकण रेल्वेनं सावंतवाडी रोडला उतरून, आणि विमानच हवं असेल तर गोव्याचा मोपा विमानतळ जवळ पडतो. एसटी आहे, पण गावात फिरायला एखादी रिक्षा दिवसभरासाठी ठरवलेली बरी. जुलै-ऑगस्टचा शनिवार-रविवार मात्र टाळाच, धबधब्याची गर्दी घाटात असा काही जाम लावते की तुमचा अर्धा दिवस समोरच्या गाडीतली गाणी ऐकण्यात जातो. मंगळवार ते गुरुवार या, तोच रस्ता तुमचा एकट्याचा असतो.

महाबळेश्वर-पाचगणी एरिडिससाठी उत्तम आणि घरच्यांना घेऊन जायला सोपं, म्हणजे ज्यांना फुलात रस नाही त्यांना बाजारात सोडता येतं. कासचं म्हणाल तर ते २०१२ ला युनेस्कोच्या पश्चिम घाटाच्या यादीत आलं, तेव्हापासून नाव जास्तच झालंय, हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं, रोज किती लोक सोडायचे ते ठरलेलं असतं, त्यामुळं आयत्या वेळी साताऱ्याहून वर जाऊन परत खाली येणाऱ्यांत आपला नंबर लावू नका. कास जमिनीवरच्या आमरींसाठी चांगलं, तेही गालिचे पसरायच्या आधी. गोव्यातल्यांना चोर्ला घाट हाताशी आहे. आणि विदर्भवाल्यांनी एवढं लांब यायच्या आधी उन्हाळ्यात आपल्याच शिवारातले जुने आंबे बघावेत, रास्ना म्हणजे व्हँडा टेसेलाटा तिकडे पण असते, तपकिरी जाळीदार पाकळ्या आणि मध्ये निळसर-जांभळी जीभ.

आता बघायचं कसं, कारण यातच खरी मेख आहे. नवे लोक ऑर्किड बघायचं म्हणून खोल जंगलात शिरतात. काही गरज नाही. आत अंधार असतो, झाडं उंच, फुलं वर शेंड्याला. त्यापेक्षा जुनी मोकळी झाडं बघा, रस्त्याच्या कडेचे आंबे, जांभळी, देवराईच्या कडा, देवळाच्या आवारातले वड. तिथं उजेड पण असतो आणि फांद्या खाली पण असतात. माझी पहिली ट्रिप अशीच वाया गेली, दोन दिवस जंगल तुडवलं, मान आखडली, पायाला जळवा, हाती काही नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या घरी अंगणात चहा पिताना समोरच्या फणसावर सीतेची वेणी, एक नाही, सात गजरे. मी किंचाळलोच. काकी बाहेर आल्या, म्हणाल्या, "ता मरे बांडगूळ, काढूचा रवला हा."

हा बांडगुळाचा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून इथं जरा थांबतो. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून रस ओढतं, त्याची फांदी मूळ फांदीतूनच फुटल्यासारखी दिसते आणि जोडाच्या जागी गाठ आलेली असते. आमरी नुसती वर बसलेली असते. तिची मुळं सालीच्या बाहेरून चिकटलेली, जाड, पांढरट, दोऱ्या टाकल्यासारखी, त्यांच्यावर स्पंजसारखं आवरण असतं जे पाऊस आणि दव शोषून घेतं, ओली झाली की तीच मुळं हिरवी दिसतात. झाडाचं ती काही खात नाही, फक्त जागा वापरते, भाडं न देता. काकींना हे सांगितल्यावर त्यांना पटलं की नाही माहीत नाही पण फणस अजून तसाच आहे.

तर आधी फूल शोधू नका, मुळं शोधा. पांढऱ्या दोऱ्या दिसल्या की त्यांच्या मागं मागं नजर नेली की रोप सापडतं. पट्ट्यासारखी चिवट पानं दोन ओळींत लागलेली असतील तर एरिडिस किंवा सीतेची वेणी असायची शक्यता जास्त, वेणीच्या पानाचं टोक कुणीतरी कुरतडल्यासारखं असतं. आणि फूल ऑर्किडचंच आहे का हे ओळखायचं असेल तर बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन अशा सहा पाकळ्या मोजा, आतल्या तिनांतली एक वेगळीच असते, मोठी नाहीतर झालरीची नाहीतर जिभेसारखी बाहेर आलेली, तिला ओठ म्हणतात. शिवाय मधोमध स्त्रीकेसर आणि पुंकेसर वेगवेगळे नसून एकच ठोंब्या असतो. एवढं जुळलं की नाव माहीत नसलं तरी चालेल, ऑर्किड आहे.

चालायचा वेग हा असा की दोन किलोमीटरला चार तास. थट्टा नाही. दर जुन्या झाडाशी थांबायचं, चारी बाजूंनी बघायचं, जातानाचं झाड येताना परत बघायचं कारण उजेड फिरलेला असतो. आणि खाली पडलेल्या फांद्या सोडू नका. वाऱ्यापावसानं मोडून आलेल्या फांदीवर शेंड्यावरची आमरी आयती डोळ्यासमोर येते, माझ्या निम्म्या बारीक जाती अशाच बघून झाल्यात.

सामानाचं फार नाही सांगत. दुर्बीण पाहिजेच, आठ बाय बेचाळीस, कॅमेरा नसला तरी चालेल पण दुर्बीण पाहिजे, आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, सोनारवाले वापरतात तसं, गळ्यात दोरीनं अडकवा नाहीतर पहिल्याच दिवशी हरवतं. छत्री रेनकोटपेक्षा बरी कारण वर बघताना तोंडावर पाणी येत नाही आणि कॅमेऱ्यावर धरता येते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर लांबच्या फांद्यांसाठी टेली आणि खालच्यांसाठी मॅक्रो, एकच न्यायची तर टेली. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलात की लेन्सवर वाफ धरते आणि नेमकं तेव्हाच ऊन पडलेलं असतं, म्हणून पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद. पायात ग्रिपवाले बूट. बाकी घरात असेल ते.

जळवांचा बाऊ करू नका. पावसाळ्यात आंबोलीत लागणारच, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचं, पिशवीत मीठ ठेवायचं, लागली तर मिठानं सुटते. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं कारण ती रक्त गोठू न देणारं रसायन सोडते, पट्टी बांधा आणि पुढं चला. त्यापेक्षा साप जास्त मनावर घ्या. मलबारी चापडा, म्हणजे मलबार पिट वायपर, या भागात चांगल्या संख्येनं आहे आणि तो नेमका तिथंच बसतो जिथं तुमचं लक्ष असतं, शेवाळलेल्या फांदीवर, छातीच्या उंचीला, हिरवा नाहीतर तपकिरी नाहीतर पिवळसर, आणि तासन् तास हलत नाही. आमरीच्या नादात फांदीला हात घालायच्या आधी फांदी पूर्ण बघा. जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं, त्यामुळं गुडघे टेकायच्या आधी जागा बघा. आणि पहिल्या पावसात खडकावरच्या पाण्याच्या डबक्यात पाय देऊ नका, आंबोली टोड नावाचा छोटा भेक त्यातच अंडी घालतो, २००९ ला शास्त्रात नोंद झालेला आणि या भागाबाहेर फारसा कुठं न मिळणारा.

परवानग्यांचा विषय कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही. रस्त्याकडेला, गावात, मंदिराच्या वाटेवर काही लागत नाही. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, अभयारण्यांचे बरेच भाग पावसाळ्यात बंद असतात त्यामुळं राधानगरी-दाजीपूर, कोयना वगैरे डोक्यात असेल तर निघायच्या आधीच फोन करा. एकदा आम्ही एका गेटवर सकाळी सहाला जाऊन उभे राहिलो आणि कळलं आठवड्यापूर्वीच बंद झालंय, चूक आमचीच होती, विचारलंच नव्हतं. गाइड म्हणून गावातलाच कुणी घ्या, जो गुरं चारायला जातो त्याला दर झाड माहीत असतं, फक्त त्याला फोटो दाखवून विचारा, नाव घेऊन नको. आणि पैसे आधी बोलून नीट द्या, चहावर काम भागवू नका.

फोटो काढताना सगळेच फुलाचा क्लोजअप काढतात आणि मग घरी येऊन कळत नाही की कुठली जात. अख्खं रोप, पानाचं टोक, फुलोरा दुरून, फूल समोरून, फूल बाजूनं म्हणजे मागची नळी दिसेल असं, आणि कुठल्या झाडावर होतं ती साल, एवढे फोटो असले तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकल्यावर जाणकार लोक ओळखून देतात. हबेनारियात तर बाजूच्या फोटोशिवाय कुणी हातच लावत नाही. पण टाकताना एक करा, नेमकी जागा लपवा. आयनॅचरलिस्टवर ती सोय आहे, इन्स्टावर टाकताना लोकेशन बंद ठेवा, तालुक्याचं नाव पुरे झालं. मी वर कुठल्या वाटेवर कुठलं झाड हे सांगितलं नाही ते विसरून नाही, मुद्दामच सांगितलं नाही.

कारण लोक काढून नेतात. एवढी लांब आलोय तर एक छोटं रोप बाल्कनीत लावू, असं म्हणणारी चांगली शिकलेली माणसं मी बघितलीत. बाल्कनीत ते जगत नाही, पहिला उन्हाळा काढतं, दुसऱ्याला जातं. आणि जंगलात त्याची भरपाई सहज होत नाही, कारण आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्यात उगवण्यापुरतं सुद्धा अन्न नसतं, ठराविक बुरशी भेटली तरच ते रुजतं, म्हणून शेंगेत हजारो बिया असून एखादंच रोप उभं राहतं आणि त्याला फूल यायला वर्षं लागतात. कायद्यानंही चालत नाही, राखीव जंगलातून झाडपाला उचलणं १९२७ च्या वन कायद्यात गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, आणि परदेशात घेऊन जायचा विचार असेल तर अख्खं ऑर्किड कुळच साईट्स करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारात आहे, एअरपोर्टवर अडकाल. हौस असेल तर नर्सरीतली टिश्यू कल्चरची घ्या, ती मस्त फुलतात, आणि चार पैशात मिळतात. मोडून पडलेल्या फांदीवरचं रोप दिसलं तर मी ते जवळच्याच झाडाच्या बेचक्यात अडकवून येतो, बस.

समजा सगळं जमलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन मुक्काम हातात आहेत, तर मी असं करीन. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, जेवायचं, आणि संध्याकाळी गावातल्याच रस्त्यानं फक्त झाडं बघत फिरायचं, नजर बसायला तेवढं लागतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चौकुळच्या रस्त्याला, गाडी कडेला लावून पायी, अकरापर्यंत. दुपारी झोप, खरंच झोपा, मग चारला हिरण्यकेशीच्या देवळाकडे, वाट ओली असते पण सोपी आहे. तिसऱ्या दिवशी महादेवगडाच्या बाजूला, आणि दुपारनंतर काहीही ठरवायचं नाही, आदल्या दिवशी जे झाड अर्धं बघून सोडलं त्याच्याकडे परत जायचं. चौथा दिवस घाट उतरायचा, आणि उतरताना पण घाई नको, खालच्या उंचीला वेगळ्या जाती असतात, सावंतवाडीत पोचेपर्यंत जुने आंबे लागतात.

तीन दिवसांत दहा जाती झाल्या तर ट्रिप वसूल समजा, सहा झाल्या तरी मी तक्रार करणार नाही. यादी वाढवायच्या मागं लागणारे एक झाड बघितलं की लगेच पुढं पळतात, त्यांना कॉटोनिया कधीच दिसत नाही. आणि पाऊस अगदीच लागून राहिला, बाहेर पडता येईना, तर ओसरीवर खुर्ची टाका, दुर्बीण घ्या आणि समोरचा आंबा नाहीतर फणस फांदी-फांदी करून बघायला घ्या. काकींना चहा सांगून ठेवा, दोन तास सहज जातात.